आशय समजला नाही

हेर्दिसचा स्वभाव मुळातच संशयी. दुकानात कोणी जरा जास्त गोड बोललं, की घरी येऊन ती नवऱ्याला विचारायची, "हिला माझ्याकडून काय हवं असेल?" शेजारच्याने न सांगता हिच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढून दिला, तरी हिच्या मनात पाल चुकचुकायची. नवरा कोरे मासेमारीच्या बोटीवरून निवृत्त झालेला, दिवसभर रेडिओ कानाशी धरून बसणारा. तो म्हणायचा, "अगं, तू पोलिसात जायला हवी होतीस. निदान संशय घ्यायचा पगार तरी मिळाला असता."

पोलिसात नाही, पण माशांच्या कारखान्यातलं काम मनगटांना झेपेनासं झाल्यावर तिला जी नोकरी लागली, ती त्याहून फार वेगळी नव्हती. ज्या मुलांना आईबापांपासून काढून दुसऱ्या घरी ठेवलेलं असतं, त्यांची आईबापांशी भेट ठरते तेव्हा खोलीत एक तिसरं माणूस बसावं लागतं. त्याने बघायचं, ऐकायचं आणि काय घडलं ते बालसंरक्षण कार्यालयाला लिहून द्यायचं. हेर्दिस ते तिसरं माणूस झाली. कोपऱ्यातल्या खुर्चीत मोजा विणत बसायची आणि टाक्यांवरची नजर न हलवता सगळं टिपायची.

नॉर्वेच्या उत्तरेकडच्या खाडीवरचं एवढंसं गाव. कोण काय काम करतं ते लपत नाही. हेर्दिस दुकानात रांगेत उभी राहिली, की लहान मुलं असलेल्या बाया घाईघाईने पोरांच्या टोप्या सारख्या करायच्या, नाकं पुसायच्या. चर्चमधल्या कॉफीच्या वेळी तिच्या टेबलावर कोणी बसायचं नाही. तिला त्याचं वाईट वाटत नसे असं नाही, पण एक समाधानही होतं. लोक तिला भीत होते तोवर तिच्याबद्दल प्रश्न विचारत नव्हते.

कारण प्रश्न विचारण्यासारखं होतं. हेर्दिसचं माहेर खाडीच्या पलीकडच्या काठावर, उत्तरेतल्या मूळ रहिवासी समी लोकांच्या चारपाच घरांत. सात वर्षांची होईपर्यंत तिला नॉर्वेजियनचे दोन शब्द येत असतील नसतील. मग वसतिगृहाची शाळा आली. तिथे जेवणाच्या टेबलावर आपल्या भाषेत मीठ मागितलं म्हणून तिला ताटावरून उठवलं होतं. सुटीत घरी आली तर आईने घरातली भाषाच बदलून टाकलेली. स्वतःला धड न येणाऱ्या भाषेत ती बाई पोटच्या पोरांशी तुटकंतुटकं बोलायला लागली आणि मरेपर्यंत तशीच बोलली. चिडायचं कसं, लाड कसे करायचे, त्या भाषेत तिला माहीतच नव्हतं. हेर्दिसने पुढे गावात नोकरी धरली, लग्न केलं, आणि माहेरचं कोणी विचारलंच तर "आमचे लोक मूळचे दक्षिणेकडचे" असं ठोकून द्यायला लागली. ताकास तूर लागू दिली नाही. आता काळ उलटला, समी असण्याची लोक अभिमानाने पाटी लावायला लागले, तरी हिचा विश्वास बसेना. आज टाळ्या वाजवतायत, उद्या काय करतील सांगता येतं का?

नोकरीच्या वेळी विल्देने विचारलंही होतं. विल्दे कार्यालयातली तरुण अधिकारी, दक्षिणेकडून आलेली, मऊ आवाजाची. "हेर्दिस, तुम्हाला समी येतं का हो? आम्हाला असं कोणी मिळत नाहीये."

"छे," हेर्दिस म्हणाली. "आमच्याकडे कोणाला येणार?"

आणि मग रिस्टिनची आणि आइलेची भेट तिच्या वाट्याला आली.

रिस्टिन पस्तिशीची, खाडीच्या वरच्या अंगाला राहणारी, समी. आई वारली आणि पाठोपाठ नवरा सोडून गेला, त्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली. आजार मनाचा होता. चूल पेटेना, पोर शाळेत जाईना. कार्यालयाने आइलेला दुसऱ्या घरी ठेवलं. तेव्हा ती सहा वर्षांची होती. आता आठ वर्षांची झाली होती, रिस्टिन उठून उभी राहिली होती, दवाखान्याच्या स्वयंपाकघरात कामाला लागली होती आणि लेक परत मागत होती. कार्यालयाचं मत पडलं की पोर नव्या घरात रुळलीय, उगाच हलवू नये. तोवर दर दुसऱ्या शनिवारी आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत दोन तास भेट.

पहिल्या शनिवारी हेर्दिसने रिस्टिनचा थर्मास उघडून वास घेतला. आत कॉफीच होती.

"प्या की," रिस्टिन म्हणाली. "विष घातलं असतं तर कपात घातलं असतं."

दोघी एकमेकींना पाण्यात पाहत होत्या, हे पोरीलाही दिसत असणार. रिस्टिनने सोबत वॉफल भाजायचा तवा आणला, आइलेने पीठ ढवळलं, आणि मायलेकी समीत बोलायला लागल्या. विल्देने आधीच बजावलं होतं, की देखरेख करणाऱ्याला कळेल अशा भाषेत बोला. रिस्टिनने तिला तितक्याच शांतपणे सांगितलं होतं, "माझ्या वकिलाने कायदा वाचून दाखवलाय मला. पोरीला तिच्या भाषेचा हक्क आहे. तुम्हाला कळत नसेल तर कळणारं माणूस आणा, ते तुमचं काम." कार्यालयाने माणूस शोधतो म्हटलं आणि शोधत राहिलं.

हेर्दिसच्या हातातल्या सुया चालत होत्या. साठ वर्षं बंद ठेवलेलं दार कोणी बाहेरून ढकलावं तसं झालं तिला. एकेक शब्द ओळखीचा, त्यातला प्रत्येक तिच्या आईच्या तोंडातला. काय बोलत होत्या? तर आजोबांनी भलामोठा हॅलिबट मासा गळाला लावला आणि तो गळासकट पळाला. गेल्या साली दलदलीतली पिवळी रानबोरं कुठे मिळाली होती. शेजारच्या कुत्रीला पिल्लं झाली. एवढंच. घरी येऊन हेर्दिसने अहवालात लिहिलं, "आई व मुलगी समी भाषेत बोलल्या. आशय समजला नाही."

दुसरं काय लिहिणार होती? समजलं म्हणून लिहिलं, तर नोकरीच्या वेळचं खोटं बाहेर येणार.

महिनाभराने रिस्टिनला शंका आलीच. हेर्दिसच्या शेजारी कप ठेवता ठेवता ती पोरीला सांगावं तशा सहज सुरात समीत म्हणाली, "बाईच्या कॉफीत केवढी माशी पडलीय."

हेर्दिसचा हात कपाच्या कानाशी होता. आत बघावंसं वाटलं, मान अर्धी वळलीही असेल. तिने कप उचलला आणि सरळ घोट घेतला. माशी नव्हतीच. रिस्टिनने खांदे सैल सोडले आणि त्या दिवसापासून ती खोलीत मोकळेपणी बोलायला लागली. आपल्या आजाराबद्दल, लेकीला न सांगण्यासारखं ज्याला म्हणतात तेही थोडंथोडं, जसं मूल विचारत गेलं तसं. "आई, तू तेव्हा का उठत नव्हतीस?" "उठायचं कसं ते विसरले होते गं. औषध घेतलं, पुन्हा शिकले." हेर्दिसने मोज्याची टाच दोनदा उसवली.

आणि रिस्टिन गुणगुणायची. समी लोकांत मूल जन्मलं, की घरचं कोणीतरी त्याची धून बांधतं. त्याला योइक म्हणतात. नाव जसं त्या मुलाचं, तशी ती धून त्याची. आइलेची धून छोटीशी होती, मध्येच उडी मारणारी. पोर चित्र काढायला लागली की रिस्टिन खिडकीबाहेर बघत ती हलक्या आवाजात म्हणायची, आणि आइलेची पेन्सिल त्या उडीवर नेमकी उचलली जायची. हेर्दिसलाही कोणीतरी धून बांधली असणार. शाळेनंतर ती तिने कधी ऐकली नाही, आणि आता आठवत नव्हती. हे तिला इतकं लागलं की त्या दिवशी अहवाल लिहिताना ती रागावलेलीच होती. कोणावर ते तिचं तिलाच कळेना. "आई खिडकीबाहेर पाहून गुणगुणत राहते," एवढंच लिहून तिने कागद मिटला.

वसंतात एका शनिवारी आइलेने पीठ ढवळणं थांबवलं आणि हेर्दिसच्या दिशेला तोंड करून, समीत, अगदी स्पष्ट सांगितलं, "मला घरी यायचंय. आधी रात्री राहायला, मग कायमची. मेरेते चांगली आहे, तिला वाईट वाटेल म्हणून तिकडे मी बोलत नाही." मेरेते म्हणजे तिला सांभाळणारी बाई.

रिस्टिनने घाबरून तिला जवळ ओढलं. "शू, राणी. इथे नको. पढवलं म्हणतील मला."

पुढच्या भेटीत पोरीने तेच सांगितलं. त्याच्या पुढच्या भेटीतही, त्याच शब्दांत. तिन्ही वेळा हेर्दिसने आशय समजला नाही असंच लिहिलं, आणि तिसऱ्या वेळी तिला घरी जेवण गेलं नाही.

शेवटी विल्दे तिला भेटायला आली. हातात कागद, चेहऱ्यावर काळजी. "हेर्दिस, तुमच्यावरच आमची सगळी मदार आहे. मला एक सांगा, ही बाई पोरीच्या कानात काय भरवत असेल?"

"मला काय माहीत?"

"तेच ना. सतत त्या भाषेत. देशाची सरहद्द इथून दोन तासांवर, पोरीला घेऊन पलीकडे गेली तर? मनात काळंबेरं नसेल तर लपवायचं काय?" विल्देने हातातला कागद उलटला. "आणि ते गुणगुणणं. आमच्या तज्ज्ञांचं म्हणणं आहे, की आई स्वतःतच हरवते, मुलीकडे तिचं लक्ष नसतं. पोरीला बोलतं करायला स्वतंत्र माणूस पाठवला होता, त्याला ती प्रत्येक प्रश्नाला 'माहीत नाही' म्हणाली. भेटी वर्षातून चारवर आणायची शिफारस केलीय आम्ही. निकाल देणाऱ्या मंडळापुढे तुम्हाला साक्षीला यावं लागेल. घाबरू नका, लिहिलंय तेवढंच सांगायचं."

वर्षातून चार. म्हणजे दोनतीन वर्षांत पोरीची भाषा जाणार, आणि मग एखाद दिवशी ती आईशी तुटकंतुटकं बोलणार. हे हेर्दिसला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण विल्देने 'घाबरू नका' का म्हणावं? हिला काही कळलंय का? साक्षीला बोलावून तिथे उघडं पाडायचा बेत तर नाही? ती चार दिवस ह्याच घोरात होती. नजर चुकवून बोलणारी विल्दे, रस्त्यात मुद्दाम हात हलवणारा रिस्टिनचा वकील आर्नफिन, सगळ्यांना सगळं ठाऊक आहे असं तिला वाटायला लागलं.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी उकडलेला मासा ताटात तसाच ठेवून ती कोरेला म्हणाली, "समज, एखाद्या बाईला एखादी भाषा येत असेल आणि तिने नाही म्हणून सांगितलं असेल."

"समजलं," कोरे म्हणाला. "बटाटे सरकव."

"काय समजलं?"

"तुझी आई आपल्याकडे राहायची तेव्हा झोपेत कुठल्या भाषेत बडबडायची, ते मला ऐकू येत होतं. मी समुद्रावर बहिरा झालो, पण नंतर."

"तीस वर्षं तुला माहीत होतं? आणि बोलला नाहीस?"

"तू बोलतेस का ते बघत होतो. तुझ्या संशयी स्वभावाला घाबरून असायचो मी. म्हणाली असतीस, ह्याला माझ्याकडून काय हवंय." त्याने बटाटा सोलून तिच्याच ताटात ठेवला. "खा. उद्या खोटं बोलायचं असेल तरी पोटात काही हवं."

मंडळ नगरपालिकेच्या सभागृहात बसलं. न्यायाधीशासारखी एक वकीलबाई अध्यक्ष, एक मानसतज्ज्ञ, आणि कायद्याप्रमाणे एक साधा नागरिक. एका बाजूला विल्दे आणि कार्यालयाचा वकील, समोर रिस्टिन आणि आर्नफिन. हेर्दिसने खरं सांगेन असं वचन दिलं. कार्यालयाच्या वकिलाने तिचे अहवाल वाचून दाखवले. ती हो, हो म्हणत गेली. गुणगुणण्याचं वाक्य त्याने जरा जास्तच सावकाश वाचलं. "म्हणजे मुलगी खोलीत असताना आई खिडकीबाहेर. बरोबर?" रिस्टिन टेबलाकडे बघत होती. कान लाल झाले होते तिचे.

मग आर्नफिन उठला. दमलेला, हातातले कागद चाळणारा. "तुम्ही प्रत्येक वेळी लिहिलंय, आशय समजला नाही. दुभाषा मागितलात का कधी?"

"नाही."

"का?" त्याने पान उलटायला बोट ओलं केलं होतं. त्याला उत्तराची अपेक्षा नव्हती. त्याला काहीच माहीत नव्हतं, विल्देलाही नव्हतं. कोणालाच नव्हतं. 'सुचलं नाही' म्हटलं असतं तर ती तशीच घरी गेली असती.

"गरज नव्हती," हेर्दिस म्हणाली. "मला समजत होतं. ती माझीच भाषा आहे."

विल्देने लिहिता लिहिता मान वर केली. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "सगळं?"

"सगळं. आणि ते गुणगुणणं नाही, ते त्या पोरीचं योइक आहे. आई खिडकीकडे बघून म्हणते आणि पोरीची पेन्सिल त्यावर चालते. ह्याहून जास्त लक्ष कसं द्यायचं असतं मला माहीत नाही. मी लिहिलं ते अर्धं लिहिलं. अर्धं लिहिलेलं खोटं असतं."

पुढे तासभर ती बोलत होती. हॅलिबट, बोरं, कुत्री. औषध घेऊन पुन्हा उठायला शिकलेली आई. सरहद्दीचं नावही कधी निघालं नव्हतं. आणि तीन शनिवार पोरीने काय सांगितलं, ते तिच्याच शब्दांत. कार्यालयाच्या वकिलाने विचारलं, की एकदा खोटं बोललेल्या साक्षीदारावर आता विश्वास का ठेवावा. हेर्दिसला तो प्रश्न पटला. "ठेवू नका," ती म्हणाली. "पोरीला विचारा. तिच्या भाषेत विचारा, म्हणजे झालं."

मंडळाने निकाल राखून ठेवला. समी जाणणाऱ्या माणसाकडून मुलीचं म्हणणं नव्याने ऐकून घ्यायचं, तोवर भेटी आहेत तशाच राहतील, असं ठरलं.

बाहेर पडताना हेर्दिसला वाटलं होतं, रिस्टिन हात तरी हातात घेईल. रिस्टिन तिच्यासमोर येऊन उभी राहिली आणि समीत म्हणाली, "त्या खोलीत माझं म्हणून एवढंच होतं. घरात तुमची माणसं, कपाटात तुमची माणसं, माझ्या औषधांच्या डब्यात तुमची माणसं. लेकीशी बोलणं तेवढं माझं होतं. आणि तू तिथे बसून ते ऐकत होतीस. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी समजले असते. तू आपल्यातली होतीस."

हेर्दिस एकटीच घरी चालत गेली.

नोकरी जाणार होती, पण तिला लगेच काढता येईना. नवं माणूस मिळायला वेळ होता आणि देखरेखीशिवाय भेट नाही. विल्देने रिस्टिनला विचारलं, शनिवार रद्द करू, की हेर्दिस चालेल? रिस्टिन म्हणाली, "मला चालत नाही. पण लेकीचा शनिवार मी बुडवणार नाही. बसू दे."

त्या शनिवारी हेर्दिसने विणकाम आणलं नव्हतं. मांडीवर हात ठेवून बसली होती. रिस्टिन तिच्याकडे पाठ करून पीठ ढवळत होती. आइले मात्र सरळ तिच्यापुढे येऊन उभी राहिली.

"तुला आमचं कळतं हे मला आधीपासून ठाऊक होतं," ती समीत म्हणाली.

रिस्टिनचा हात थांबला.

"कसं गं?" हेर्दिसने विचारलं. साठ वर्षांनी तोंडातून निघालेलं ते पहिलं वाक्य. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"ज्यांना कळत नाही ते विचारतात. मेरेते विचारते, विल्दे विचारते, काय म्हणालीस, काय म्हणालीस. तू एकदाही विचारलं नाहीस. म्हणून मी तुला सांगितलं ना, घरी यायचंय म्हणून. तीनदा सांगितलं. तू लिहून देतेस हे मला माहीत होतं. मग कोणीच काही केलं नाही. म्हणजे त्यांनी वाचलं आणि नाही म्हटलं. म्हणून त्या माणसाने विचारलं तेव्हा मी सांगितलं, माहीत नाही. एकदा नाही म्हटल्यावर परत कशाला विचारायचं?"

तिला आयुष्यभर सगळ्यांचा संशय आला, आणि ह्या एवढ्याशा पोरीने तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला होता. नेमका तिच्यावरच.

"त्यांनी नाही म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. "त्यांना कळलंच नव्हतं. मी लिहिलंच नाही."

आइले रडली नाही, रागावलीही नाही. मग टेबलाकडे गेली, चित्रांचा कागद उलटा केला आणि आपली पेन्सिल आणून हेर्दिसच्या हातात दिली.

"मग आता लिही," ती म्हणाली, आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून, पहिल्यापासून सांगायला लागली. या वेळी रिस्टिनने तिला गप्प केलं नाही.